फोटोची कुंडली : बाभुळगाव तालुक्यासाठी मार्गदर्शिका

विषय : फोटो व व्हिडिओंच्या पोटातली माहिती कमांडने वाचणे, दुरुस्त करणे व प्रसंगी पुसून टाकणे.

प्रस्तावना. बाभुळगाव तालुक्यात हल्ली फोटो निघाल्याशिवाय काम झाले असे कोणी मानत नाही. घरकुलाचा जोता झाला, फोटो. छत पडले, म्हणजे टाकून झाले, फोटो. रोजगार हमीच्या विहिरीला तर तीन फोटो लागतात : काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि झाल्यावर. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि तलाठ्याने बांधावर यायचे ते शेतकऱ्यानेच पराटीत उभे राहून मोबाइल उंच धरायचा असे ठरले. या सर्व फोटोंना जन्मवेळ आणि जन्मस्थळ असते. ते फाइलच्या आत लिहिलेले असते, कुंडलीसारखे, आणि कुंडलीइतक्याच विश्वासाने त्यावर निर्णय घेतले जातात. म्हणून ही मार्गदर्शिका.

लागणारे साहित्य. एक लॅपटॉप. एक केबल, जी नुसती चार्जिंगची नाही हे आधी तपासून घ्यावे. 'एक्झिफटूल' नावाचा प्रोग्राम, जो फिल हार्वे या कॅनडातल्या गृहस्थांनी २००३ पासून लोकांना फुकट दिला आहे. फुकट असल्यामुळे त्याचे टेंडर काढता येत नाही, आणि कार्यालयांत तो न दिसण्याचे एक कारण हेही असावे. शेवटचे साहित्य म्हणजे इंग्रजी स्पेलिंग येणारा एक माणूस. खालील कमांड इंग्रजीतच टाइप करायच्या आहेत. इथे त्या दिवाळीला आलेला भाचा परत पुण्याला गेल्यावर फोनवरून जशा सांगतो, तशा दिल्या आहेत.

पायरी १ : वाचन. कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडावी. 'एक्झिफटूल' लिहावे, जागा सोडावी, फाइलचे नाव लिहावे, एंटर दाबावे. भराभर ओळी पडतात. कोणत्या कंपनीचा फोन, भिंगाचे तोंड किती उघडले, फ्लॅश पडला की नाही, तारीख, वेळ. तारखेत वर्ष, महिना, दिवस यांच्यामध्ये विसर्गासारखे दोन टिंब दिसतील. घाबरू नये. १९९५ मध्ये जपानी कंपन्यांनी हा नमुना ठरवला तेव्हा तसेच ठरले, आणि त्यात वेळ कोणत्या देशाची हे लिहायला रकानाच ठेवला नाही. तो रकाना २०१६ मध्ये आला.

त्यानंतर अक्षांश-रेखांश पाहावेत. उत्तर २० अंश आणि पूर्व ७८ अंश यांच्या पुढेमागे आकडे असतील तर फोटो आपल्याच भागातला आहे. दोन्हीकडे शून्य दिसले तर जीपीएसला आकाश सापडण्याआधी बटण दाबले गेले. शून्य-शून्य ही जागा आफ्रिकेजवळ, गिनीच्या आखातात, भर समुद्रात येते. अशा वेळी लाभार्थ्याची विहीर समुद्रात खोदली गेली, असा अर्थ निघतो. पाणी लागल्याची नोंद मात्र निःशंक करता येते.

पायरी २ : व्हॉट्सॲपपासून बचाव. गटात आलेला फोटो तपासला तर आत काहीच सापडत नाही. व्हॉट्सॲप फोटो आवळून पाठवते आणि आतली कुंडली काढून टाकते. फाइलच्या नावात तारीख दिसते खरी, पण तिच्यापुढे 'डब्ल्यू ए' असते, म्हणजे ती तारीख व्हॉट्सॲपने लावलेली, बटण दाबल्याची नव्हे. उपाय सोपा आहे : फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. यावर पुढील संवाद अपेक्षित धरावा.

"भाऊ, फोटो नाई आला. कायतरी फाइल आली."

"तेच हाय नं ते. उघडून पाहा."

"उघडून कायले पाहू? मले फोटो पाह्यजे."

पायरी ३ : शिक्क्याचा फोटो ओळखणे. एक ॲप फोटोच्या खालच्या बाजूला छोटा नकाशा, गावाचे नाव, तारीख आणि आकडे छापून देते. कार्यालयांचा भर याच फोटोवर असतो, आणि त्यामागे तर्क आहे. फाइलमधली कुंडली झेरॉक्समध्ये उतरत नाही, छापलेला शिक्का उतरतो. जे झेरॉक्समध्ये उतरत नाही ते प्रकरणाला जोडता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या तो शिक्का म्हणजे चित्रातलाच रंग आहे. एक्झिफटूलला तो वाचता येत नाही आणि बदलताही येत नाही. तेव्हा शिक्का एक सांगतो आणि कुंडली दुसरे, असे झाल्यास जे झेरॉक्समध्ये दिसते ते खरे धरावे, अशी रूढी आहे.

पायरी ४ : घड्याळ दुरुस्ती. लग्नाच्या फोटोग्राफरकडे दोन कॅमेरे असतात आणि त्यांची घड्याळे एकमेकांशी बोलत नाहीत. एक कॅमेरा तासाने मागे असेल तर त्याचे सर्व फोटो एका फोल्डरमध्ये ठेवून भाचा सांगतो तसे लिहावे : "एक्झिफटूल, जागा, डॅश, ऑलडेट्स सलग, अधिक, बरोबर, एक, जागा, फोल्डरचं नाव." सगळे फोटो एका तासाने पुढे जातात. चित्राला धक्का लागत नाही, फक्त तारखा बदलतात. प्रत्येक फाइलची जुनी प्रत नावापुढे 'ओरिजिनल' लावून जपली जाते. ही सवय शासकीय कामाला फार शोभणारी आहे. ती मोडणारी एक कमांडही आहे, पण ती इथे दिलेली नाही.

पायरी ५ : व्हिडिओ. इथे सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून सावकाश वाचावे. मोबाइलचा व्हिडिओ आपली वेळ नियमाप्रमाणे जागतिक प्रमाणवेळेत लिहितो. भारत तिच्या साडेपाच तास पुढे. फोटो मात्र बाभुळगावच्या घड्याळाने चालतो. परिणामी रात्री ९ वाजता मंगलाष्टकांचे फोटो आणि पहाटे २ वाजता पाठवणीचा व्हिडिओ काढला, तर व्हिडिओवर रात्री साडेआठ लागतात. सर्व काही तारीखवार लावले की नवरी आधी सासरी जाते आणि अर्ध्या तासाने तिचे लग्न लागते. उपाय : कमांडमध्ये "डॅश एपीआय, जागा, क्विकटाइमयूटीसी सलग" घालावे, म्हणजे वेळ इथल्या घड्याळाने दिसते. काही कॅमेरे नियम मोडून स्थानिक वेळच लिहितात. त्यांना हा उपाय केला तर नवरी साडेपाच तास उशिरा निघते. म्हणून आधी एक व्हिडिओ तपासावा, मग बाकीचे.

काही व्हिडिओंवर १ जानेवारी १९०४ अशी तारीख दिसते. या जातीच्या फाइली तिथूनच सेकंद मोजायला लागतात. मोजणी शून्य राहिली की काही प्रोग्राम तीच तारीख दाखवतात. त्या दिवशी आपला जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये लागले. बेंबळा धरणाच्या व्हिडिओवर ही तारीख आल्यास प्रकल्प वेळेआधी पूर्ण झाला असे समजू नये.

पायरी ६ : पुसणे. घराचा, सोयाबीनच्या गंजीचा किंवा नव्या ट्रॅक्टरचा फोटो अनोळखी माणसाला डॉक्युमेंट म्हणून वा ईमेलने पाठवला, तर घराचा पत्ताही सोबत जातो. तो पुसायला भाचा सांगतो : "एक्झिफटूल, जागा, डॅश, जीपीएस, दोन टिंब, ऑल, बरोबर, पुढे काही नाही, मग जागा, फाइलचं नाव." बरोबरच्या चिन्हापुढे काही नाही, म्हणजे जागेची नोंद रिकामी. इथेही जुनी प्रत ठेवली जाते, तीच चुकून पाठवू नये.

पायरी ७ : काय करू नये. राज्यात १ जुलै २०१६ रोजी २ कोटी झाडांचा संकल्प झाला आणि २०१९ पर्यंत आकडा ३३ कोटींवर गेला. आकडा असा वाढला की खड्डा तोच आणि तारीख नवी करण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. हे करू नये. नीतीचा भाग बाजूला ठेवला तरी ते व्यर्थ आहे. सरकारी ॲप स्वतः कॅमेरा उघडते आणि जागा-वेळ सर्व्हरला परस्पर कळवते. फाइलमध्ये केलेली खाडाखोड तिथे पोहोचत नाही. न्यायालयात तर १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष कायद्यानुसार प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेली आकडी ओळखखूण, हीही द्यावी लागते, आणि एक सेकंद जरी बदलला तरी हॅश बदलतो.

सूज्ञांनी यापेक्षा सोपी वाट शोधली. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी ॲपवर दिवसातून दोन फोटो काढून लावायची असे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून या हजेरीतले गैरप्रकार मोजून दाखवले. त्यात कामाशी संबंध नसलेले फोटो होते आणि फोटोचे फोटोही होते. जुना फोटो समोर धरायचा आणि ॲपने त्याचाच फोटो काढायचा. कुंडली तपासली तर वेळ खरी, अक्षांश-रेखांश खरे, फोन खरा. खोटे शोधायला आत काही सापडतच नाही, कारण बटण खरोखर त्याच क्षणी, त्याच जागी दाबले गेले. फाइल एवढेच सांगते आणि एवढ्याचीच तिने हमी घेतलेली आहे. भिंगासमोर मजूर होते की मजुरांचा फोटो, याचा रकाना जपान्यांनी ठेवलेला नाही.

शंका-समाधान.

प्रश्न : माझ्या शेतात रेंज नाही. कुंडली बनते का?

उत्तर : बनते. जीपीएस उपग्रहावरून चालतो, टॉवरवरून नाही. फक्त फोटो सर्व्हरला चढवायला रेंज असलेल्या जागी यावे लागेल.

प्रश्न : आजोबांचा जुना फोटो स्कॅन केला, त्यावर आजची तारीख पडली.

उत्तर : ती स्कॅनिंगची तारीख. 'डेटटाइमओरिजिनल' मध्ये अंदाजे तारीख भरावी. आजोबा हयात असल्यास त्यांना विचारावे. आत्या असल्यास आत्यांना विचारावे, त्यांना जास्त आठवते.

प्रश्न : एवढ्या भानगडीपेक्षा कोन्या सायबानं शेतात येऊन विहीर पाह्यली तं?

उत्तर : अवश्य. साहेबांनी विहिरीजवळ पोहोचताच स्वतःचा जिओटॅग फोटो काढून भेटीच्या अहवालाला जोडावा. विहीर फोटोत आली नाही तरी चालेल.