सावध फक्त आपणच का?

गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. किती घाबरायचं ते अख्ख्या गावाला एकदम कळतं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सुटणार हे पाटबंधारे खातं सांगतं आणि गोदाघाटावरच्या टपऱ्या हलतात.

मोबाइलमधून येणाऱ्या पुराला दुतोंड्या नाही.

तो एकाच घरात शिरतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्या होत असतात आणि इकडे एक निवृत्त माणूस व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसापुढे हात जोडून बसलेला असतो. पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, आधार नंबर तुमचा आहे, घरात कोणाला सांगितलंत तर अटक. नाशिकरोडचा प्रेस, ओझरचं एचएएल, एकलहऱ्याचं वीज केंद्र. तिथली फंड-ग्रॅच्युइटी बँकेत ठेवून निर्धास्त झालेली माणसं या गावात गल्लोगल्ली आहेत. चोराला आणखी काय हवं?

या खेळाचं नाव 'डिजिटल अरेस्ट'. असलं काही कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं. बँकांचे 'सावध राहा'चे मेसेज तर चालूच असतात. आता आकडे बघा. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर ठगांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये लुटले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी.

जागृती वाढली, लूट तिप्पट झाली.

उलरिश बेक या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये, चेर्नोबिलच्याच वर्षी, 'जोखमीचा समाज' ही कल्पना मांडली. आजचे मोठे धोके आपल्याच यंत्रणा तयार करतात, आणि जबाबदार कोण असं विचारलं की त्याच यंत्रणांमध्ये एकही माणूस सापडत नाही. बेक २०१५ च्या १ जानेवारीला गेला. यूपीआय आलं २०१६ मध्ये. तरी पैसे गेलेल्या माणसाने बँक, मोबाइल कंपनी आणि पोलीस ठाणे अशा चकरा मारून बघाव्यात. बेक न वाचताही तो समजतो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चूक तिसऱ्याचीच असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. पण ओटीपी सांगून बसलात, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. आणि भेदरलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने आरटीजीएस केलं तर? तिथे त्याची संमती धरली जाते. गळ्यावर सुरा ठेवून घेतलेल्या सहीला कोणतं कोर्ट संमती म्हणेल?

बरं, पैसा जातो कुठे? हवेत नाही जात. कोणाच्या तरी खात्यात जातो, तिथून दहा खात्यांत. त्या प्रत्येक खात्याला केवायसी असतं, शाखा असते, मॅनेजर असतो.

मालेगाव आठवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ईडीने मालेगावच्या एका प्रकरणात महाराष्ट्र आणि गुजरातेत छापे घातले. दुसऱ्यांच्या नावावरच्या खात्यांतून शंभर कोटींहून जास्त रक्कम फिरवल्याचा आरोप आहे. तो पैसा कशाचा, हे तपास ठरवेल. पण ज्याच्या नावावर कोटी फिरतात त्याला आपण कोट्यधीश झाल्याचा पत्ताच नाही, ही भाड्याच्या खात्यांची रीत सायबर ठगांचीही तीच. कागद गरिबाचे, पोलिसांची नोटीस गरिबाला.

त्याच नोव्हेंबरात आपले पेन्शनर बँकेच्या रांगेत होते. हयातीचा दाखला द्यायला. वीस वर्षांच्या ओळखीच्या शाखेत म्हाताऱ्याने आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करायचं. आणि रिकाम्या खात्यात अचानक कोट्यवधी आले तर तिथे कोण जिवंत आहे, हे कोणी विचारायचं?

ब्रिटनने विचारलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून पैसे पाठवायला लावलं तर बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची असा नियम आहे. ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा वगैरे अपवाद आहेत. खरी मेख पुढे आहे: निम्मा भार पैसे पाठवणाऱ्या बँकेवर, निम्मा चोराचं खातं सांभाळणाऱ्या बँकेवर.

हा दुसरा निम्मा वाटा इथे लावा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करताना म्हाताऱ्याचे हात थरथरतात. थोडी थरथर पैसे घेणाऱ्या शाखेतही होऊ द्या.