तिथं आपलं कोण हाय?

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी सर्वसाधारण सूचना. पालकांनी त्या मोठ्याने वाचून घ्याव्यात.

१. फलक

प्रवेशाचे पत्र येताच प्रथम डिजिटल फलकाची व्यवस्था करावी. व्हिसाचे मागाहून बघता येते. व्हिसा नाकारला जाण्याची शक्यता असते, फलकाला अद्याप कोणी नकार दिलेला नाही. मध्यभागी विद्यार्थी, वरच्या रांगेत नेतेमंडळी, खालच्या रांगेत शुभेच्छुक म्हणून अख्खी तालीम. विद्यापीठाचे स्पेलिंग चुकल्यास हरकत नाही. नेत्यांचा क्रम चुकल्यास विद्यार्थ्याने नियोजित तारखेच्या आधीच देश सोडावा.

२. ओळख

सातबारा असो, दवाखान्यातला नंबर असो, कोल्हापुरात कोणत्याही कामाचा आरंभ एकाच प्रश्नाने होतो : तिथं आपलं कोण हाय? परदेशगमनही याला अपवाद नाही. मिरजकर तिकटीला अर्धा तास उभे राहून चौकशी केल्यास प्रत्येक खंडात एक तरी मेव्हण्याचा चुलतभाऊ निघतो. विद्यार्थी टोरांटोला आणि चुलतभाऊ व्हँकुव्हरला असेल तर घरचे निर्धास्त होतात, कारण एकाच देशात हाय. दोन्ही शहरांत सरळ रेषेतसुद्धा तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, ही माहिती आजीला देऊ नये.

३. पैसे

येथे ओळखीची पहिली परीक्षा होते. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी साधारण एका वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावे लागतात. पुढे तेच पैसे दरमहा 992 युरोप्रमाणे त्याला परत मिळतात. काकांच्या पतसंस्थेचे ‘पोरगं आपलं हाय, पैशाची काळजी नको’ अशा आशयाचे पत्र जोडून चालत नाही.

शिष्यवृत्तीचेही तेच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिला नाव आपल्या शाहू महाराजांचेच आहे. म्हणून महाराज आमच्या गावचे, या मुद्द्यावर जादा गुण मिळतात असे नाही. अर्ज भरावा लागतो, आणि तोही मुदतीत.

४. सामान

बहुतेक विमान कंपन्या एका बॅगेचे वजन 23 किलो ठरवून देतात. आईच्या हिशेबात हे वजन चटणी सोडून असते. वजनकाट्यावर वाद घालू नये, तेथे आपले कोणी नसते. जास्तीचे कपडे काढून ठेवावेत. चटणी काढू नये.

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे सुकं मटण, तूप आणि पेढे एका दमात गेले. ऑस्ट्रेलियात खाण्याची वस्तू आधीच जाहीर करावी लागते, लपवल्यास दंड होतो. तेव्हा फॉर्मवर खरे लिहावे. ‘आईने न सांगता घातले’ हे कारण खरे असले तरी पुरेसे नसते.

५. फोडणी

पोहोचल्यावर पहिल्याच रविवारी मटण करावे. तेलात चटणी पडताच छतावरचे धुराचे यंत्र ओरडू लागेल. इमारत रिकामी होईल आणि सर्व मजल्यांवरचे रहिवासी पायजम्यावर, कडाक्याच्या थंडीत हिरवळीवर उभे राहतील. गोंधळून जाऊ नये. एकाच वेळी इतके शेजारी भेटण्याचा योग परदेशात पुन्हा येत नाही. सर्वांना नमस्कार करावा, दिलगिरी व्यक्त करावी आणि बंब निघून गेल्यावर ज्यांना ठसका कमी लागला त्यांना जेवायला बोलवावे. मेव्हण्याच्या चुलतभावापेक्षा ही माणसे अधिक उपयोगी पडतात, असा अनुभव आहे.

६. अभ्यास

मित्राचे जर्नल जसेच्या तसे उतरवून काढणे याला आपल्याकडे दोस्ती म्हणतात. तिकडे तो गुन्हा आहे आणि तो पकडायला संगणक ठेवलेला असतो. वाक्य दुसऱ्याचे असेल तर कोणाचे ते लिहावे लागते. फलकावर सौजन्य लिहिण्याचा सराव असलेल्यांना हे जड जाऊ नये.

प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारण्याची पद्धत असेल तर दोनतीन आठवडे त्यांना कोणत्याच नावाने हाक मारू नये, नुसते खाकरावे. त्यापुढे जीभ वळते.

सर्वांत अवघड गोष्ट निराळीच आहे. आठवड्यातील ठरावीक तास हे प्राध्यापक आपल्या खोलीत बसून असतात आणि कोणीही विद्यार्थी जाऊन शंका विचारू शकतो. कोणाची चिठ्ठी लागत नाही, की कोणाचे नाव सांगावे लागत नाही. कोल्हापूरचा विद्यार्थी नेमका इथेच अडतो. कुणी धाडलंय म्हणून सांगायचं, या विचारात तो त्या दारावरून रोज जातो आणि निम्मे सत्र संपते. दार वाजवावे. आत गेल्यावर आपण कोणाचे कोण ते सांगत बसू नये, गणित कुठे अडले ते सांगावे.

७. काम

अमेरिकेत सत्र चालू असताना विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते. हे काम बहुधा भांडी विसळण्याचे असते. घरी ‘युनिव्हर्सिटीच्या फूड डिपार्टमेंटला हाय’ असे कळवावे. आपल्या आयुष्यातले पहिले ताट आपण परदेशात घासले, हे घरच्या बायकांना कळल्यास सुट्टीला आल्यावर अडचण होते.

८. पूर्वपीठिका

ओळखीवाचून काही होत नाही, यावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी हे कलम वाचू नये.

1878 साली गोपाळराव जोशी नावाचे टपाल खात्यातले कारकून कोल्हापुरात नोकरीला होते. बायकोला, आनंदीबाईंना, शिकवायचे या ध्यासाने त्यांनी इथल्या अमेरिकन मिशनच्या ओळखीतून अमेरिकेला पत्र धाडले. ओळखीच्या मंडळींकडून भरघोस उपदेश मिळाला, मदत मिळाली नाही. पत्र तेवढे तिकडच्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ मासिकात छापून आले. दोन वर्षांनी न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. ना ओळख ना पाळख, त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि पुढे आपल्या घरी ठेवून घेतले. 1883 साली आनंदीबाई नवऱ्याशिवाय बोटीने गेल्या, 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमले, पण रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी 1887 मध्ये, त्या गेल्या.

बोध असा की अनोळखी माणसाला नीट पत्र लिहिता येणे हीसुद्धा एक ओळखच आहे.

९. उत्तरदायित्व

एक वर्ष पुरे होताच विद्यार्थ्याचा फोन नंबर त्याला न विचारता जिल्ह्यात वाटला जाईल. मग दर सत्राला एक भाचा उतरेल. त्याला आणायला जावे, रात्री पोटभर जेवायला घालावे, त्याच्या बॅगेतली निम्मी चटणी हक्काने काढून घ्यावी. दुसऱ्या दिवशी बँकेत खाते उघडायला मात्र त्याला एकट्यालाच पाठवावे. तो घरी तक्रार करील आणि ‘तिकडं जाऊन लय बदललाय’ असा शेरा आपल्या नावावर पडेल. तो निमूट पडू द्यावा.