सलग सुट्ट्या, संथ वाहतूक

२०२६ मध्ये गांधीजयंती शुक्रवारी येते. नवे कॅलेंडर भिंतीवर चढले त्याच दिवशी मुंबईतल्या तमाम कचेऱ्यांनी या योगाची नोंद घेतली. वर्षाची उद्दिष्टे कोणाला आठवत नाहीत, पण २, ३ आणि ४ ऑक्टोबर या तारखा शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. तेव्हा या तीन दिवसांत महानगरात काय काय करता येईल, याचे हे विनामूल्य मार्गदर्शन.

ऋतू शरद. संस्कृत कवींना शरदात निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे दिसले, कारण त्यांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागत नव्हती. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. म्हणजे सुट्टीत पाऊस असेल, आणि नसेल तर ऑक्टोबर हीट असेल. त्या दिवसांत वारा पूर्वेकडून, तापलेल्या जमिनीवरून येतो. समुद्राकडचा वारा उशिरा पोचतो. तोही बहुधा लोकलनेच येत असावा. छत्री आणि टोपी दोन्ही जवळ ठेवावी.

महानगरात करण्यासारखी सर्वांत लोकप्रिय गोष्ट म्हणजे महानगर सोडणे. 'पहाटे चारला निघू, गर्दीच लागणार नाही,' हा बेत घरोघरी अत्यंत गुप्तपणे आखला जातो. साडेपाचच्या सुमारास हे सगळे गुप्त बेत खालापूरच्या टोलनाक्यावर एकमेकांना भेटतात. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे आणि सलग सुट्ट्यांना घाटातला तुकडा वगळला तर तो खरोखरच द्रुतगती असतो. तिथल्या कोंडीचे खापर पूर्वी १८३० सालच्या अमृतांजन पुलावर फुटायचे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे घाटात चिटपाखरूही नसताना, तो पाडला. ज्या बामच्या जाहिरातीने पुलाला नाव मिळाले, तो बाम आता स्वतःच घेऊन जावा लागतो. डोकेदुखीची सोय मात्र पूर्ववत आहे.

बाहेर न जाणाऱ्यांसाठी पहिला कार्यक्रम १ तारखेच्या संध्याकाळीच सुरू होतो. २ ऑक्टोबर हा ड्राय डे. त्यामुळे गांधीजयंतीची खरी लगबग आदल्या दिवशी वाइन शॉपसमोर पाहायला मिळते. काय ती शिस्त, काय तो संयम! जातपात, पक्ष, पगार सगळे विसरून लोक एका रांगेत उभे. बापूंना अभिप्रेत असलेली समता या शहरात वर्षातून एकदा, तासाभरासाठी का होईना, अवतरते. गामदेवीतल्या मणिभवनात गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की मुक्काम करत. तिथे जायला ना घाट लागतो, ना टोल. त्यामुळे ती सहल आहे असे कोणाला वाटतच नाही.

यंदा हे तीन दिवस पितृपक्षात आहेत. नवीन खरेदी निषिद्ध. तरीही मॉल ओसंडून वाहतील, कारण गारव्यासाठी मुहूर्त लागत नाही. सरकत्या जिन्याने वर जावे, खाली यावे, पुन्हा वर जावे, आणि पितरांनाही थोडी हवा लागू द्यावी.

मुंबईकर बाहेर पडला की त्याच्या जागी उरलेला महाराष्ट्र आत येतो. कोल्हापूरच्या साडूंना 'मुंबई दाखवणे' हा खरा कसोटीचा प्रसंग. कारण या शहरात कुठलीच वस्तू तिच्या नावाच्या जागी नाही. काळा घोडा दाखवायला न्यावे, तर मूळ घोडा पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट १९६५ मध्ये हलवला. तो आता राणीच्या बागेत. चौकाने अर्धे शतक घोड्याशिवाय काढले आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, तो स्वाराशिवाय. साडू विचारतात, "घोडा हाय, राजा कुठं गेला?" राजा भायखळ्याला, असे सांगितले की ते आपल्याकडे संशयाने बघतात.

घारापुरीचेही तेच. गेटवेहून बोटीने तासभर डुलत जायचे, शंभरावर पायऱ्या चढायच्या, त्रिमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा. पण ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले तो तिथे नाहीच. १८६४ मध्ये साहेबाने तो इंग्लंडला न्यायचे ठरवले. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे मुंबईत आणले, पुढे १९१४ मध्ये ते जोडले आणि आज तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाशेजारी उभा आहे. मुंबई परिसर सोडून जाण्याच्या नादात कोणाचे तुकडे-तुकडे झाले, याची एवढी जुनी आणि सज्जड नोंद दुसरी नसेल. शुक्रवारी पहाटे चारला निघणाऱ्यांनी आदल्या दिवशी या हत्तीचे दर्शन जरूर घ्यावे.

तिथेच पलीकडे, राणीच्या बागेत, २०१६ मध्ये सोलहून आलेले पेंग्विन. चोवीस तास वातानुकूलित जागेत राहणारे, वेळेवर ताजी मासळी मिळणारे आणि भाडे न भरणारे असे रहिवासी दक्षिण मुंबईत पूर्वी फक्त मंत्री असायचे. काचेच्या अलीकडे घामाने निथळणारी माणसे आणि पलीकडे त्यांना निवांत न्याहाळणारे पक्षी. प्रेक्षणीय स्थळ नेमके कोण, हे पेंग्विनांना विचारावे.

रविवारी मेगाब्लॉक. सलग सुट्टीत एक दिवस सक्तीने घरी बसवणारी ही योजना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल त्याला नमस्कार. माटुंगा ते मुलुंड गाडी जलद की धीमी, कुठल्या फलाटावर, थांबणार की नाही, या चर्चेत दुपारचे चार सहज वाजतात. तोवर ब्लॉक संपतो आणि पाहुण्यांची परतीची एसटीही लागते.

५ तारखेच्या सोमवारी रजा टाकून सुट्टी चार दिवसांची करू पाहणाऱ्यांना एवढेच सांगणे: सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान बंद, त्यामुळे आतली कान्हेरीही बंद. कचेरी मात्र उघडी असते.