आपलं नोहे ते

पाहुणा फाटकाची कडी काढतो न काढतो तोच आबाजी खुलासा करून टाकतात, "आपलं नोहे ते." पाहुण्यानं काही विचारलेलं नसतं. मांजर मात्र आबाजींच्या मांडीवर असतं.

असे आबाजी वर्ध्यात आहेत, हिंगणघाटात आहेत, पुलगाव-आर्वीतही आहेत. निवृत्तीनंतर कचेरी सुटते, शिस्त सुटत नाही. ती घरच्यांवर चालवावी लागते.

मांजर पहिल्यांदा ओट्यावर आलं तेव्हा आबाजींनी सेवाग्रामचा दाखला काढला. 1936 साली बापू तिथं राहायला आले तेव्हा सापांचा सुळसुळाट होता. साप मारायचा नाही, पकडून लांब सोडायचा. तो चिमटा अन् पिंजरा आश्रमात आजही पाहायला मिळतो. त्याच अहिंसक धोरणानं मांजर पिशवीतून पवनारला, धाम नदीच्या काठी रवाना झालं. आठवडा उलटायच्या आत ते ओट्यावर हजर! आबाजी म्हणाले, "हे दुसरं आहे." शेपटीचं तुटकं टोक तेच होतं.

मग हुकूम सुटला : दूध द्यायचं नाही, सवय लागते. पुढं कुठंतरी त्यांच्या वाचनात आलं, की बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतच नाही. तेव्हापासून आजींवर ओरडा सुरू झाला, "दूध कायले देतं त्याले? पोट बिघडते ना! तूप लावून पोई दे."

नाव ठेवायला सक्त मनाई. नाव ठेवलं की आपलं होते.

सकाळच्या चहाबरोबर गोरसपाकाचा, म्हणजे तुपातल्या बिस्किटाचा, तुकडा आबाजींच्या हातून पडतो. रोज पडतो, अन् रोज त्याच फरशीवर. वास्तविक मांजराला गोड कळतच नाही. ती चव ओळखणारं जनुक त्याच्यात निकामी असतं, हे 2005 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. म्हणजे ओढ तुपाची. आजींचं मत वेगळं आहे, पण त्यांना कोण विचारतो?

मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा कूलरसमोरची जागा कुणाची, हा वर्ध्यातल्या घराघरांतला नाजूक प्रश्न. या घरात तो सुटलाय. नातवानं एकदा तिथं गादी सरकवली तर आबाजी कडाडले, "थो झोपला हाय, दिसत नाही का?"

जनावरांच्या दवाखान्यात मालकाचं नाव विचारलं. "बेवारस," आबाजी म्हणाले. रेबीजच्या पुढच्या लशीची तारीख मात्र दोनदा विचारून कॅलेंडरवर लिहिली.

सायप्रसमध्ये माणसाच्या शेजारी पुरलेलं साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडलंय. तो गृहस्थही हयातभर हेच सांगत असणार, आपलं नोहे ते.

दोन्ही मुलं पुण्यात. पूर्वी संध्याकाळी आबाजी फोनकडे पाहत बसायचे. आता फोन वाजला तरी उचलायला उशीर होतो, मांडी मोकळी नसते. यंदा मुलानं महाराष्ट्र एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढली. आबाजींनी नकार कळवला.

"उन्हाळ्यात घर सोडून कसं यावं? कूलरमधी पानी कोन टाकन?"

"बाबा, तुम्ही दोघंही इकडं. मग कूलर कोणासाठी?"

"हॅलो? हॅलो? आवाज तुटून राह्यला बाबू," असं म्हणत आबाजींनी फोन ठेवून दिला.