टायफीराव, आपलं मूळ गाव कोणतं?

प्रति,
श्री. साल्मोनेला टायफी,
मुक्काम : लहान आतडं, रक्त आणि सवडीनुसार पित्ताशय.

स. न. वि. वि.

आपल्या कृपेने मी आता बरी आहे. जिना चढताना मध्ये एकदा कठड्याला धरून उभी राहते, कंगव्यात केसांचा पुंजका येतो आणि तिखटाचं नाव काढलं की आय ताटच ओढून घेते, एवढं सोडलं तर ठणठणीत. पत्र लिहायला उशीर झाला, कारण इकडे आपल्या गुन्ह्याचा तपास जोरात चालू होता आणि त्यात आरोपी मी होते.

होय, मी. वरळी कोळीवाड्यात आमच्या गल्लीत दुपारी बायका ओटीवर कोलंबी सोलायला बसतात. खटला तिथे चालला आणि निकालही तिथेच लागला. पोरगी पाठीवर बोचकं टाकून एकटीच मद्रासकडे गेली, तिकडचं पाणी प्यायली, आजारी पडली. गोवा ओलांडला की कन्याकुमारीपर्यंतचा सगळा मुलूख आमच्याकडे अजून मद्रासच आहे. ‘‘म्यां सांगितलेलं, तिकडचं पानी नको पिऊस,’’ मामी म्हणाली. ‘‘खोबरेल तेलात मच्छी करतात ते. पोट बिघडनारच,’’ दुसरी म्हणाली. मग सगळ्या मिळून खऱ्या कलमावर आल्या : एकटी कशाला जायचं? आता हीच मामी अंधार असताना टोपली घेऊन ससून डॉकला जाते, एकटी. लिलावात पुरुषांच्या गर्दीत शिरून भाव पाडते, एकटी. पण तो एकटेपणा घरच्यांच्या सवयीचा, म्हणून निर्जंतुक.

त्या बैठकीत आपलं नाव एकदाही निघालं नाही. मला आपल्यासाठी वाईट वाटलं. एवढा घाम गाळायचा (माझा), आणि श्रेय खोबरेल तेलाला!

म्हणून म्हटलं, निदान आपल्याशी तरी नीट बोलावं. माझा बेत साधा होता. किनारा धरून खाली जायचं, बंदरामागून बंदर बघत, कन्याकुमारीपर्यंत. कोळ्याच्या पोरीने समुद्र बघायला एवढ्या लांब जावं याचं घरी नवल झालं, पण आयने गोल्फादेवीला कौल लावला आणि तो उजवा निघाला, त्यामुळे तोंडं बंद. कुर्ला टर्मिनसला मत्स्यगंधा एक्सप्रेस पकडली. मराठी माणूस दक्षिणेला जातो तो शक्यतो चाळीस जणांच्या घोळक्यात आणि सोबत आपला आचारी घेऊन. रामेश्वराला पोचल्यावर त्याला श्रीखंड-पुरी लागते. मला ते नको होतं. मी उडुपीजवळ माल्प्याचं बंदर पाहिलं, तिथल्या ट्रॉलरांपुढे आमच्या होड्या कशा दिसतील याचा हिशेब केला, मंगळुरात बांगडा खाल्ला आणि कोचीला उतरले. फोर्ट कोचीला ती चिनी जाळी आहेत. किनाऱ्यावर उभा केलेला लाकडी सांगाडा, मागच्या बाजूला दोरांना बांधलेले धोंडे, आणि चार-पाच जण मिळून ते अख्खं जाळं पाण्यातून वर उचलतात. मासळी किती निघते म्हणाल तर मामी हसली असती. ते बघत उभी असतानाच कपाळ ठणकायला लागलं, आणि संध्याकाळी हुडहुडी भरली.

आपली तारीफ करावी तेवढी थोडी. प्रवासात पोट बिघडणार म्हणून मी जुलाबाच्या गोळ्या आणि क्षारांची पाकिटं भरून नेली होती. आपण उलट बद्धकोष्ठ दिलंत! सोबत कोरडा खोकला, म्हणजे सर्दीचाच संशय यावा. पहिल्या दवाखान्यात ‘व्हायरल आहे’ असं म्हणून पॅरासिटामॉल मिळालं. सकाळी जरा बरं वाटायचं आणि रोज संध्याकाळी ताप कालच्यापेक्षा एक पायरी वर. एकशेतीनपर्यंत चढला तरी नाडी आपली संथ, जणू शरीराला कुणी कळवलंच नव्हतं. जिभेवर पांढरा थर. उगाच नाही आमच्या आज्या आपल्याला मुदतीचा ताप म्हणायच्या. औषधं नव्हती तेव्हा आपण तीन-चार आठवड्यांचा करार करूनच यायचात, आणि तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पाडून कधी कधी करार कायमचा संपवायचात.

दुसऱ्या डॉक्टर जुन्या वळणाच्या होत्या. मी म्हटलं, विडाल चाचणी करा, मुंबईत सगळे तीच करतात. त्या म्हणाल्या, विडालची युक्ती १८९६ सालची आहे; आपल्या देशात धडधाकट माणसाचं रक्त घेतलं तरी ती पुष्कळदा हो म्हणते आणि खऱ्या रोग्याला पहिल्या आठवड्यात नाही म्हणते. त्यांनी रक्ताचं कल्चर लावलं. आपण बाटलीत वाढलात आणि सापडलात. मग त्यांनी जे विचारलं ते मी आपल्याला या पत्रातून विचारते आहे.

त्या म्हणाल्या, ‘‘ताप यायच्या आधीच्या दोन आठवड्यांत कुठे होतात?’’

आता आपणच सांगा. आपण पोटात गेल्यापासून ताप चढेपर्यंत बहुधा आठ ते चौदा दिवस लागतात, कधी महिनाही. मला मुंबई सोडून आठवडाही झाला नव्हता. म्हणजे टायफीराव, मी मत्स्यगंधात बसले तेव्हा आपण बहुतेक आधीच माझ्यात बसलेले होतात, तेही बिनतिकीट. आणि केरळात मला काय पाजत होते? गुलाबी पाणी. पतंगाच्या लाकडाचा तुकडा टाकून खळखळ उकळलेलं. तिथल्या साध्यासुध्या खानावळीतही मागितल्याशिवाय तेच पुढे येतं, कोमट. केरळ काही स्वर्ग नव्हे. दूषित पाण्याची कावीळ तिथेही डोकं वर काढत असते. पण माझ्या बाबतीत ज्या पाण्याला आमच्या ओटीवर फाशी झाली, ते त्या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात निर्दोष पाणी होतं.

कोचीत घरमालकीण चेची (म्हणजे ताई) रोज कांजी करून द्यायची. आमची पेजच ती, सोबत शिजवलेले मूग. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. ती कपाळाला हात लावायची, चुकचुकायची आणि वाटी पुढे सरकवायची. इकडे फोनवर आय रडत होती की परमुलखात पोरीला बघणारं कुणी नाही.

तर आपलं मूळ गाव. माझ्या मनात संशयित दोन. पहिला म्हणजे निघायच्या आधीची चुलत भावाची हळद. आमची हळद म्हणजे लग्नाहून मोठा कारभार : बँजो, ऑर्केस्ट्रा, आणि पिंपभर सरबत. त्या पिंपात लादीचा बर्फ फोडून टाकलेला. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घाला, म्हणजे मासळीचा बर्फ आणि पोटातला बर्फ वेगळा ओळखता येईल, असा नियम राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये आणला. कोळीवाड्याइतका बर्फ कुणी पाहिला नसेल, आम्हाला तो नियम पाठ हवा. पण काळ्या खट्ट्याचं सरबत त्यात ओतलं की निळा कोण आणि पांढरा कोण! आपण थंडीने मरत नाही, नुसते वाट पाहत पडून राहता, हेही तिथे कुणाच्या गावी नव्हतं.

दुसरा संशयित आमचा नळ. यावर मी जरा थांबणार आहे, कारण आपलं खरं राज्य इथे आहे. मुंबईचं पाणी येतं लांबून. १८६० मध्ये विहार, १८९२ मध्ये तानसा, मग मोडकसागर, वैतरणा, भातसा. त्यातलं बरंचसं भांडुपला गाळून, क्लोरीन घालून निघतं तेव्हा त्यात आपल्याला जागा नसते. मुंबईकर त्या पाण्यावर अभिमानाने बोलतो आणि ते खरंही आहे. पण पाणी चोवीस तास येत नाही. ठरलेल्या वेळी येतं, मग बंद. बंद झालं की पाइपातला दाब पडतो. जुन्या दाट वस्त्यांत घरोघरच्या जोडण्या गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेल्या असतात. त्यांना एखादी चीर असली तर भरल्या दाबात पाणी बाहेर गळतं, आणि दाब पडला की बाहेरचं आत ओढलं जातं. त्यात प्रत्येकाला शेजाऱ्याआधी टाकी भरायची असते, म्हणून नळाला मोटर. मोटर पाणी ओढते तशी गटारही ओढते, तिला फरक कळत नाही. पाणी आल्याबरोबरची पहिली धार गढूळ, वासाची. ती सोडून द्यायची, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. ‘गढूळ गेलं की झालं’ हा आमचा शुद्धतेचा अंतिम दाखला. आपण काचेसारख्या स्वच्छ पाण्यातही असता, याची कल्पना कुणाला देणार? आपल्याला राहायला माणूसच लागतो. कोंबडी नको, मासा नको, डुक्कर नको. म्हणजे आपण माझ्यापर्यंत आलात ते कुणा माणसाच्याच पोटातून, आणि तो माणूस फार दूरचा नसावा.

हे मी ओटीवर सांगितलं. मामी म्हणाली, ‘‘आम्ही जनमभर हेच पानी पितो, आमाला नाय काय झालं.’’

असं म्हणणारी माणसं आपल्याला फार प्रिय, नाही का? न्यूयॉर्कची ती स्वयंपाकीण मेरी मॅलन आठवत असेल. तिलाही काही झालं नव्हतं. ज्या घरी चूल सांभाळली तिथली माणसं तापाने पडायची आणि ही ठणठणीत. १९०७ मध्ये तिला एका बेटावर नेऊन ठेवलं, १९१० मध्ये सोडलं, १९१५ मध्ये पुन्हा धरलं, ते १९३८ मध्ये मरेपर्यंत. तिच्यासारखे निरोगी वाहक त्या शहरात शेकड्यांनी सापडले होते. पण जगाच्या तोंडी नाव राहिलं ते परदेशातून आलेल्या, एकट्या, गरीब बाईचं.

आम्हाला हे नवं नाही. मार्च २०२० च्या अखेरीस कोळीवाड्याच्या वाटांवर बांबू बांधून वस्ती सील झाली, तेव्हा उरलेली मुंबई आमच्याकडे अशीच बघत होती. वरळीचं नाव काढलं की पलीकडचा माणूस फोनसुद्धा कानापासून लांब धरायचा. करोनाचा तो विषाणू विमानाने आला होता, होडीने नव्हे. हे आम्ही तेव्हा गळा काढून सांगितलं, आणि आता त्याच गळ्याने केरळला शिव्या देतो.

परत आल्यावर दुसरं युद्ध खाण्यावरून. आयला वाटतं, अशक्त पोरीला मांदेलीचं बिनतिखट कालवण आणि भात याहून मोठं औषध नाही. डॉक्टर म्हणतात मऊ खा. हा तंटा या शहरात जुना आहे. १९०२ मध्ये गिरगावात बॅरिस्टर गांधींचा दहा वर्षांचा मणिलाल आपल्याच तडाख्यात सापडला होता, जोडीला न्यूमोनिया. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा सांगितला. बापाने नकार दिला. कटिस्नान, पातळ केलेला संत्र्याचा रस, ओल्या चादरीची गुंडाळी. ताप एकशेचार. एका रात्री पोराला चादरीत गुंडाळून बाप चौपाटीवर फिरायला गेला, परतला तर पोर घामाने निथळत होतं. देवाने वाचवलं, पाण्याने की पथ्याने, ते गांधींनाही सांगता आलं नाही. औषध तेव्हा नव्हतंच. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं. ते आपण पचवलंत, मग इतर दोन-चार पचवलीत, आणि २०१६ मध्ये सिंधमध्ये तर सेफ्ट्रियाक्सोनलाही दाद दिली नाहीत. मला तेच टोचलं होतं आणि नशिबाने आपण इकडचे निघालात. तरी उतरायला दिवस घेतलेच.

आणि आपल्याविरुद्धची ती नवी लस, जी नऊ महिन्यांच्या बाळालाही चालते? २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मोहीम काढून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना टोचली, देशात पहिल्यांदा. ती बनते हैदराबादेत. आमच्या ओटीच्या भाषेत, मद्रासला.

आता माझ्या पित्ताशयात बिऱ्हाड करायचा विचार असेल तर कळवावं. शंभरातल्या दोन-चार जणांकडे आपण तसे राहून जाता, म्हणून मला पुन्हा शौचाचे नमुने द्यायचे आहेत. अहवाल येईपर्यंत स्वयंपाकघरात मला बंदी आहे, आणि त्याबद्दल मात्र आपले मनापासून आभार.

एक सांगायचं राहिलं. समोरच्या घरातला पहिलीतला पोरगा, जो दादरच्या पलीकडे कधी गेलेला नाही, त्यालाही आपण भेटून गेलात. त्याला ताप भरला तेव्हा मी कोचीत कांजी खात पडले होते. मी तारखा काढून मामीपुढे ठेवल्या. तिने त्या नीट पाहिल्या, विचार केला आणि म्हणाली, ‘‘मंग? तवा व्हिडिओ कॉलवर बोलला व्हता ना तुझ्याशी?’’

आपली,
(आपण आत असताना जिने आपल्याला फुकट फिरवलं ती)