नेटकाका

रविवारी सकाळी आठच्या सुमारास पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या जिन्यात उभं राहावं. दोन-तीन दारांआडून एकच संवाद ऐकू येतो. ‘हॅलो, ऐकू येतंय का? आता? अगं, तुझं तोंड हलतंय, पण आवाज नाही!’ अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र असते, लेकीसुना जेवणं उरकून मोकळ्या झालेल्या असतात, आणि नेमक्या त्याच वेळी एक गृहस्थ जिना चढत असतात. हातात गुंडाळलेली लॅन वायर, खिशाला टेस्टर. टेस्टरचा वायफायशी काडीचा संबंध नाही, पण तो खिशाला नसला तर नेटकाकांना चैन पडत नाही.

नेटकाका निवृत्त असावे लागतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त असतील तर सोन्याहून पिवळं. आमचे तसे आहेत. ट्रंक कॉल बुक करून दिवसभर ताटकळणाऱ्या लोकांचा जमाना त्यांनी आतून पाहिलाय. १९९५ च्या पंधरा ऑगस्टला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, तेव्हा पहिल्यांदा मोडेमची किंचाळी ऐकून ‘ही लाइन स्वच्छ नाही’ असं निदान केल्याचं ते अजून सांगतात. तेव्हा खरखर झाली की डबा उघडायचा आणि गंजलेला जोड घासायचा, की काम फत्ते. आता दोष हवेत गेलाय. काका त्याच्या मागोमाग हवेत.

‘सर, राऊटर बंद करून चालू करा’ या मदत क्रमांकावरच्या सल्ल्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. ‘त्यानं फोन सुरू होतो हो,’ ते म्हणतात, ‘पण गुन्हेगार पळून जातो ना!’

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी न्यू जर्सीला असते. तिचा फोन दर रविवारी मध्येच तुटायचा. काका घरात शिरले ते आधी राऊटर शोधायला लागले, कारण मराठी घरात राऊटर ही झाकून ठेवायची वस्तू आहे. इथे तो टीव्हीच्या कपाटात, सत्काराच्या पितळी ढालींमागे होता. वर क्रोशाचा रुमाल, चारी कोपऱ्यांना मणी. काकांनी दोन बोटांनी रुमाल उचलला. खाली राऊटर चांगलाच तापलेला.

‘वहिनी, याला श्वास तरी घेऊ द्या.’

‘धूळ बसते हो, भाऊजी.’

‘आणि या ढाली? धातूतून लहरी आरपार जात नाहीत.’

‘त्या यांच्या सत्काराच्या आहेत,’ काकू म्हणाल्या, आणि यजमानांनी हातातलं वर्तमानपत्र किंचित खाली केलं. ढाली जागेवर राहिल्या. राऊटर भिंतीवर गेला.

काकांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं, हीच त्यांच्याबद्दलची खरी तक्रार आहे. ‘माझा प्लॅन तीनशे एमबीपीएसचा आहे’ असं एखाद्या आयटीवाल्यानं छाती काढून सांगितलं की ते म्हणतात, ‘तीनशेचं काय लोणचं घालायचंय?’ नुसत्या बोलण्याला सेकंदाला शंभर किलोबिट म्हणजे डोक्यावरून पाणी. मात्र ते वेळेवर पोचले पाहिजेत. आवाजाचे साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होऊन निघतात, सेकंदाला पन्नास. सिनेमाचा पुढचा भाग आधीच आणून ठेवता येतो. बोलणं कसं ठेवणार? माणूस पुढचं वाक्य अजून बोललेलाच नसतो. म्हणून उशिरा पोचलेला तुकडा सरळ टाकून द्यावा लागतो.

‘म्हणजे पंगत उठल्यावर आलेल्याला वाढत नाहीत,’ काकू म्हणाल्या.

काका थोडे हिरमुसले. इतक्या लवकर कुणाला समजलेलं त्यांना आवडत नाही.

मग संशयितांची ओळखपरेड. पहिला मायक्रोवेव्ह. तो आणि वायफायचा जुना पट्टा, दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास नांदतात, त्यामुळे इकडे दूध तापायला ठेवलं की तिकडे पडद्यावरची नात हसता हसता गोठायची. दुसरे शेजारी. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११; आणि राऊटर घरटी एक. काकांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत चॅनेलवाटपाचा ठराव मांडला होता. तो पार्किंगच्या विषयात वाहून गेला. तिसरा घरातलाच नातू. तो क्लासहून आला, की त्याच्या फोनमधले व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढायला लागत, वर जाणारी वाट तुंबे, आणि आजीचा आवाज रांगेत मागे पडे. काकांनी राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरून फोनला पुढचा नंबर दिला. ज्येष्ठ नागरिक म्हणून.

इतकं सगळं झालं, तरी फोन तुटतच राहिला.

दुसरा कुणी असता तर खचला असता. काकांचा चेहरा खुलला. त्यांनी एक जुनी डायरी काढली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, खोली, मायक्रोवेव्ह, नातू. फोन चालू असताना शेजारी लॅपटॉप मांडून ८.८.८.८ ला सतत पिंग लावला. एक तुकडा हरवत नव्हता, एकाला उशीर होत नव्हता. शिवाय नेट गेलं की पडद्यावर आधी ‘रिकनेक्टिंग’ येतं, थोडी धडपड दिसते. इथे तसलं काही नाही. फोन एका फटक्यात बंद.

काकांनी सहावा रकाना आखला: विषय.

ती डायरी मी पाहिली आहे. फोन तुटला त्या ओळींत, काकांच्या ठसठशीत सरकारी अक्षरात, असं होतं: ‘परत कधी येणार. दुसरं मूल. परत कधी येणार. जावयाची नोकरी. कोथरूडचा फ्लॅट कुणाच्या नावावर. परत कधी येणार.’ आणि मध्येच एका ओळीत: ‘पुरणपोळीची कृती, ४२ मिनिटे, निर्विघ्न.’

आता पंचाईत. उभ्या नोकरीत या माणसानं दोष सापडल्यावर तो लपवला नव्हता. एका वरिष्ठाच्या तोंडावर ‘साहेब, दोष तुमच्याच एक्स्टेन्शनमध्ये आहे’ असं सांगून बदली ओढवून घेतलेली.

‘सापडलं का हो, भाऊजी?’ काकूंनी चहा पुढे करत विचारलं.

काकांनी डायरी मिटली. बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्यायले नाहीत.

‘वहिनी, तुमच्या घरात काही दोष नाही. दोष समुद्रात आहे.’

मग त्यांना कंठ फुटला. परदेशाचं बोलणं उपग्रहावरून जातं हा गैरसमज आहे. ते जातं समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून. बोटांचे नांगर लागतात, मच्छीमारांची जाळी अडकतात, केबल तुटते. त्यातल्या बऱ्याचशा केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. यातला शब्द न् शब्द खरा होता. यजमानांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, जरा जास्तच आवाज करत.

काकूंनी सगळं मन लावून ऐकून घेतलं.

‘वर्सोवा म्हणजे अंधेरीलाच ना? मग एकदा जाऊन बघूनच या की, भाऊजी. सकाळच्या गाडीनं निघालात तर रात्री परत. डबा मी देते. कोरडी भाजी देते, म्हणजे सांडायला नको.’