एकास बारा

आप्पांच्या कापडी पिशवीत तीन वस्तू कायम असतात: पाच मीटरची टेप, गवंड्याकडे असते तसली वीतभर पाणसळ आणि नातवाकडून हस्तगत केलेली एक काचेची गोटी. शिवाय दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरी. लोक खिशात वेलदोडे बाळगतात तशा हा माणूस पोस्टल ऑर्डरी बाळगतो, कारण माहितीच्या अधिकाराचा अर्ज कधी आणि कुठे टाकावासा वाटेल याचा नेम नसतो.

टेप आणि पाणसळ समजू शकते. गोटी कशाला, असं एखादा नवखा विचारतो आणि फसतो. आप्पा समोर दिसेल त्या उतारावर, मग तो बँकेचा असो, दवाखान्याचा असो की देवळाचा, गोटी ठेवतात, सोडून देतात, ती किती वेगाने दिसेनाशी होते ते बघतात आणि काहीशा समाधानानेच म्हणतात, "नाही. एकास बारा नाही."

एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार हवा. चाकाच्या खुर्चीसाठी नियमात हेच मान दिलंय. आप्पांना ते पाठ होण्याची गरजच नव्हती. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून गेली. "कालव्याला पाच हजारात एक उतार द्यायचो," ते सांगतात. "पाणी बिनतक्रार जायचं. माणसासाठी बारात एक मागतोय, तर म्हणे जागा नाही!"

सख्ख्या भाचीच्या लग्नात मुहूर्ताला पाच मिनिटं असताना गुरुजींनी "मुलीच्या मामांना बोलवा" म्हटलं आणि मामा नाहीत. शोधाशोध झाली. मामा कार्यालयाच्या मागच्या दाराशी धोतराचा सोगा तोंडात धरून ओणवे झालेले, हातात टेप. "एकास पाच!" ते दातांतूनच ओरडले. "ही घसरगुंडी आहे. नवऱ्या मुलाची आजी खुर्चीतून यायची आहे, तिला इथून वर घेणार?" आजी मुख्य दारातून चार पोरांच्या हातांवर आल्या, मामा नवरीला घेऊन धापा टाकत आले, मुहूर्त कसाबसा साधला. व्याह्यांकडच्या मंडळींना हा गृहस्थ विक्षिप्त वाटला. आजींना मात्र नाही. संक्रांतीचा तिळगूळ त्या अजूनही आप्पांना वेगळा पाठवतात.

पण लग्नाची कार्यालयं ही फावल्या वेळची कामं. आप्पांचा खरा संसार आमच्या स्टेशनाशी. स्टेशनाचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. मध्य, पश्चिम, हार्बर, कुठल्याही लाइनीवर उतरा, एक आप्पा सापडतील. पुलाच्या पायथ्याशी वही घेऊन उभा असलेला, आणि टीसी समजून पास नसलेले लोक ज्याला वळसा घालून जातात, तो.

त्या वहीत गणती असते. लिफ्ट नक्की कुणाला लागते याची. पहिल्या पानावर खुर्ची, कुबड्या, काठी एवढेच रकाने होते. मग वाढत गेले: कडेवर मूल, पोटुशी बाई, गावाहून आलेली बॅग, भाजीचं गाठोडं, डब्यांची पाटी, नुसतेच गुडघे. शेवटी आप्पांनी पद्धत उलटी केली. "लिफ्ट न लागणारा माणूस मोजायला सोपा," ते म्हणाले. "कॉलेजची पोरं. तीही ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी नाही."

त्यांना हमखास चिडवणारा एकच प्रश्न आहे: "घरी कुणी आहे का हो तसं?" विचारणारा सहानुभूतीनेच विचारतो. आप्पा चष्मा काढतात, पुसतात, परत घालतात. "कुणी असावं लागतं का? तुम्ही मोरीला उतार देता, तेव्हा घरात कुणी पाणी आहे का असं विचारतात का?" या उत्तराचा अर्थ कुणालाच नीट लागत नाही, पण पुढे कुणी विचारत नाही.

त्यांचं दुसरं वैर "दोनच तर पायऱ्या आहेत" या वाक्याशी. तिकीटघरासमोर त्या दोन पायऱ्या आहेत. कुणी मोठ्या मनाने हे वाक्य उच्चारलं की आप्पा शांतपणे म्हणतात, "दोन असोत की दोनशे, चाकाला सारख्याच."

सुरुवातीला आप्पा कट्टर रॅम्पवादी होते. रॅम्पला वीज लागत नाही, चालक लागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला कुलूप लावून चावी घेऊन जेवायला जाता येत नाही. त्यांनी घरी ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढले. पण हिशेब आडवा आला. डोक्यावर 25,000 व्होल्टची तार. तिच्यावरून पूल न्यायचा म्हणजे तो रुळापासून साडेसहा मीटरच्या आसपास जाणार. त्यातून फलाटाची नऊशे मिलिमीटर उंची वजा करा. उरले पाच पूर्णांक सहा मीटर. त्याला बाराने गुणा, मग दर नऊ मीटरला दम घ्यायला सपाट जागा द्या, की रॅम्प जातो पाऊणशे मीटरच्या पलीकडे. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटरची. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश फलाट रॅम्पनेच खाल्ला, आणि वडापावचा स्टॉल, मुतारी, इंडिकेटरचा खांब सगळं त्याच्या पोटात गेलं. दुमडून घ्यावा तर फलाट तेवढा रुंद नाही. आप्पांनी चार वेगवेगळ्या तऱ्हांनी दुमडून पाहिला. मग एका रविवारी नकाशाची गुंडाळी करून कपाटावर ठेवली आणि काकूंना म्हणाले, "लिफ्ट." काकू म्हणाल्या, "हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं." आप्पांच्या मते मात्र काकूंनी हिशेब केलेला नसल्यामुळे त्यांना ते कळलेलं धरता येत नाही.

चहाच्या टपरीवर त्यांचे विरोधक आहेत पासधारक संघटनेचे अध्यक्ष. ते सरकत्या जिन्याचे पुरस्कर्ते. सरकता जिना दिसतो छान, त्याचं उद्घाटन करता येतं, फोटो चांगला येतो. आप्पांचं म्हणणं, सरकता असला तरी जिनाच. चाक त्यावर चढत नाही, म्हातारी त्याला घाबरते, चढता असतो तिथे उतरता नसतो, आणि कुठलंतरी कार्टं लाल बटण दाबून पळालं की साधा जिना परवडला, कारण बंद पडलेल्या सरकत्या जिन्याच्या पायऱ्या जास्त उंच असतात. त्याही आप्पांनी मोजल्यात. अध्यक्ष म्हणतात, "तुम्ही प्रगतीच्या विरोधात आहात." आप्पा दोघांच्याही चहाचे पैसे देतात.

पाहुणे आले की आप्पा त्यांना बोरीबंदर दाखवायला नेतात. 1888 साली पुरी झालेली ती इमारत, युनेस्कोने वारसा ठरवलेली. घुमट, फाटकावरचे सिंह आणि वाघ. पाहुणे माना वर करून बघू लागले की आप्पा त्यांना दंडाला धरून आत नेतात. "ते नंतर बघा. हे बघा. लोकलच्या फलाटावर आलो आपण, पूल चढलो का? नाही! का? कारण रूळ इथे संपतो." पाहुण्यांना वाटतं, अजून काहीतरी दाखवतील. ते संपलेलं असतं. चर्चगेटचाही हाच गुण आप्पांना प्रिय आहे. जगातली सगळी स्टेशनं टर्मिनस असती तर आपलं काम किती हलकं झालं असतं, असं ते खरोखर म्हणालेत.

आप्पांची पत्रं वाचण्यासारखी असतात. भाषा खात्यातली, पण मध्येच एखादं वाक्य असं येतं की साहेबानेही पेन खाली ठेवावं. एक पत्र रूळ ओलांडणाऱ्यांबद्दल होतं. पूर्वी फलाटाच्या टोकाला उतार असायचा, थेट रुळांपर्यंत. लोक तिथून पलीकडे जात आणि गाडीखाली सापडत, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते उतार तोडले, कुंपणं घातली. बरोबरच केलं, आप्पाही तेच म्हणतात. पण त्यांनी लिहिलं: "सदर स्टेशनात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाण्याचा एकही पायरी नसलेला मार्ग फक्त रुळांवरून होता, आणि तो रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 अन्वये गुन्हा आहे. सबब, गुडघे दुखणाऱ्या नागरिकास कायदा पाळणे व घरी जाणे यांपैकी एकच गोष्ट शक्य होत आहे." सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड, हे त्यांनी खाली तळटीप म्हणून दिलं होतं.

उत्तरं येतात. आप्पांनी त्यांचे तीन वर्ग केलेत: पोच, अंतरिम आणि 'हलवाहलव'. हलवाहलव म्हणजे आपलं पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आलं आहे, ते. अशा पत्राने दुसरा कुणी निराश होईल. आप्पांच्या चेहऱ्यावर तेज येतं. "विषय मार्गी लागतोय!" कारण आता संबंधित विभागालाही स्मरणपत्र लिहिता येतं. नवे साहेब बदलून आले की आप्पा गुलाबाचं फूल आणि निवेदन घेऊन पहिल्या आठवड्यात हजर. रेल्वेच्या कामांचं ते गुलाबी पुस्तक, पिंक बुक, प्रसिद्ध झालं की आमच्या विभागाची पानं त्यांना आमच्यापेक्षाच काय, पण स्टेशनमास्तरांपेक्षाही आधी ठाऊक असतात. 'सुगम्य भारत' अभियान 3 डिसेंबर 2015 ला सुरू झालं, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. 2016 चा दिव्यांग हक्कांचा कायदा आला, तेव्हा पत्रातला 'विनंती' हा शब्द काढून 'मागणी' घातला.

एका विषयावर मात्र ते थट्टा करत नाहीत. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. तोवर पादचारी पूल म्हणजे रेल्वेच्या लेखी प्रवासी सुविधा. त्यानंतर लगेच जाहीर झालं की यापुढे तो अत्यावश्यक मानला जाईल. तिथे लष्कराने पाच महिन्यांत पूल उभा केला. आप्पांनी ते कात्रण जपून ठेवलंय. "पूल 'सुविधे'तून बाहेर पडायला काय व्हावं लागलं बघ," एकदाच म्हणाले होते मला. "लिफ्ट अजून तिथेच आहे. पिंक बुकातलं शीर्ष 53, सुविधा." मग पाणी प्यायले आणि विषय बदलला.

आप्पांची लेक लंडनला असते. तिच्याकडून एकदा कळलं की तिथल्या भुयारी रेल्वेच्या 272 स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांशच स्टेशनांत पायऱ्यांवाचून जाता येतं. मला वाटलं, आप्पा खचतील. ते खुर्चीत चांगले सरसावून बसले. "म्हणजे तिथेही कुणीतरी पत्रं लिहीत असणार!" लेकीला त्यांनी सांगितलं, त्या माणसाचा पत्ता मिळतो का बघ.

एवढं सगळं करणारा हा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. काकू दुधाची पिशवी दोरीने वर ओढून घेतात. प्रत्येक वार्षिक सभेत लिफ्टचा ठराव येतो आणि तळमजल्यावाले विचारतात, "आम्ही का पैसे द्यायचे?" आप्पांनी सोसायटीसाठीही नकाशा काढलाय, खर्चाचे हप्ते पाडलेत, टेरेसवर जाऊन गोटीही सोडली. पण रेल्वे निदान पोच देते. सेक्रेटरी दार उघडत नाहीत. मी स्वतः तळमजल्यावर राहतो, तेव्हा या विषयावर जास्त बोलत नाही.

शेवटी स्टेशनावर लिफ्ट आली. फीत कापली, नारळ फुटला, पासधारक संघटनेच्या अध्यक्षांनी भाषणात आपल्या अथक पाठपुराव्याचा उल्लेख केला. आप्पा गर्दीत मागे उभे राहून दाराची रुंदी मोजत होते. दुसऱ्या दिवसापासून ते लिफ्टच्या दाराशी पहारेकरी झाले. एक मजला चढायला धडधाकट पोरं आत घुसतात, हे त्यांना सोसेना. "तरुण माणसा, जिना तिकडे आहे हो," असं म्हणून त्यांनी दोन दिवसांत बऱ्याच जणांना परतवलं. तिसऱ्या दिवशी कानात इअरफोन घातलेल्या, पाठीवर सॅक घेतलेल्या एका मुलाला अडवलं. मुलगा काही बोलला नाही. त्याने पँटचा पाय वर केला. गुडघ्याखाली कृत्रिम पाय होता.

आता आप्पा ओशाळतील, माफी मागतील, असं बघणाऱ्यांना वाटलं. आप्पांचे डोळे चमकले. "दिव्यांगांच्या डब्यात चढतोस ना? मग मला सांग, फलाट आणि डबा यांच्यामधली फट तुला किती वाटते? आणि उंची? कुठल्या फलाटावर जास्त त्रास होतो?" मुलगा आधी गांगरला, मग सुटलाच. तीन नंबरला एक पाऊल जास्त वर टाकावं लागतं. डब्याची जागा दाखवणारा भोंगा वाजतो पुढे आणि डबा थांबतो मागे. लिफ्ट एका टोकाला उतरवते, डबा दुसऱ्या टोकाला. पाऊस असला की तेवढं अंतर छपराशिवाय. आप्पांनी त्याला लिफ्टमधून वर नेलं, खाली आणलं, परत वर नेलं. टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दोन लोकल सुटल्या.

हल्ली शनिवारी संध्याकाळी तो मुलगा तिसरा मजला चढून आप्पांकडे येतो, कठड्याला धरून, मध्ये एकदा थांबून. आप्पांना त्याचं वाईट वाटतं, पण कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणारं दुसरं कुणी त्यांना मिळालेलं नाही. परवा मी वर गेलो तेव्हा मजकूर चालू होता. "विषय: फलाट व डबा यांमधील अंतर व उंचीतील तफावत. संदर्भ..." संदर्भ दीड पानाचे झाले होते. काकूंनी पोह्यांच्या बश्या आणून ठेवल्या.

"आप्पा," मुलाने विचारलं, "याचं उत्तर कधी येतं?"

"पोच महिन्याभरात येईल," आप्पा पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. "उत्तराचं पुढे तू बघशील."